परसातल्या कोंबड्या आणि बर्ड फ्लू : दाणापाणी उघड्यावर नको

थंडीत पाहुणे पक्षी तलावांवर उतरतात तेव्हा परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करा, दाणा आणि पाणी उघड्यावर ठेवू नका, छपराखाली ठेवा. रानबदकं वरून ठणठणीत दिसतात पण त्यांच्या विष्ठेतून व्हायरस पडत असतो आणि थंड पाण्यात तो बरेच दिवस टिकतो, म्हणून तळ्याचं पाणी तर कोंबड्यांना अजिबात पाजू नका, बोअरचं नाहीतर नळाचं द्या. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, कारण कावळे-चिमण्या त्यासाठीच येतात. खुराड्याला चिमणी शिरणार नाही एवढी बारीक जाळी मारा. आणि चप्पल! शेतातून आलेल्या चिखलाच्या चपलेनं थेट आत जायचं नाही, खुराड्यासाठी वेगळी जोडी दारातच ठेवा, माझ्या मते जाळीइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि खर्च काहीच नाही. बदकं पाळत असाल तर ती कोंबड्यांपासून लांब ठेवा.

तुरा निळा पडला, डोकं सुजलं, कोंबड्या पटापट मरायला लागल्या किंवा आसपास कावळे मेलेले दिसले तर उघड्या हातानं उचलू नका, विकू नका, लगेच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी मात्र बिनधास्त खा, 70 डिग्रीला हा व्हायरस मरतो.