डमी लोडचे आकडे हलत होते, त्याची गोष्ट

गणपती जवळ आले की मालवणात भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येऊ लागतात. स्पीकर लावून फुल पॉवरवर तपासलं तर अख्खी वाडी गोळा होईल, म्हणून ८ ओहम, १०० वॅटचा ॲल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर स्पीकरऐवजी लोड म्हणून लावतो, हाच डमी लोड. त्यावर २८.३ व्होल्ट आरएमएस (एसीचं परिणामकारक व्होल्टेज) आले की १०० वॅट, हिशेब सोपा.

यंदा मात्र लोड तापला की आकडे हलायचे. मल्टिमीटर कधी ८.३ दाखवी, कधी ८.७. पण एवढ्या कमी ओहमला साध्या मीटरवर विसंबण्यात अर्थ नाही, त्याच्या वायरीच थोडा ओहम खातात. मग पॉवर सप्लायवरून बरोबर १ अँपिअर सोडला आणि व्होल्टेज थेट रेझिस्टरच्या पायांवर मोजलं. ८.०२ व्होल्ट, म्हणजे ८.०२ ओहम. रेझिस्टर ठणठणीत! एक प्रोब लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) पलीकडे वायरीवर सरकवला, तर ८.४५. लगच्या आत हिरवी पूड. खारा वारा, दुसरं काय.

लग कापला, वायर घासून थेट पायाला सोल्डर केली. मोजणीच्या वायरी आता वेगळ्या. रेझिस्टर हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) पेस्ट लावून घट्ट बसवलेला हवाच, नुसता टेबलावर ठेवला तर पूर्ण १०० वॅट त्याला झेपत नाहीत.

असे रेझिस्टर वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळून केलेले; त्यांच्या इंडक्टन्सची (फ्रिक्वेन्सीबरोबर वाढणाऱ्या अडथळ्याची) भीती काही जण घालतात. १० मायक्रोहेन्री धरले तरी २० किलोहर्ट्झला ८ ओहमचे जेमतेम ८.१ होतात. तेवढ्यासाठी महागडे नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर मी तरी घेणार नाही.