पायथनचा प्रोग्राम एडिटरमध्ये लिहून टर्मिनलमधून कसा चालवावा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात संध्याकाळी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला जी मुले येतात, त्यांचा बराचसा वेळ प्रोग्राम लिहिण्यापेक्षा तो चालत का नाही हे शोधण्यात जातो, आणि दोष बहुधा प्रोग्रामचा नसतोच. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, एका फोल्डरमध्ये उभे असते आणि फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेली असते.

विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर तळाशी 'पाथ'मध्ये, म्हणजे टर्मिनल प्रोग्राम जेथे शोधते त्या जागांच्या यादीत, पायथन जोडण्याचा चौकोन असतो, त्यावर न विसरता खूण करावी. ती राहिली, तर पुढे टर्मिनल पायथनला ओळखत नाही किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून देते. अशा वेळी तेथून दुसरे पायथन उतरवत बसू नये. आधीचीच इन्स्टॉलर फाइल पुन्हा चालवून 'मॉडिफाय'मधून ती चूक दुरुस्त करता येते.

त्यानंतर 'कापूस' नावाचे फोल्डर तयार करावे आणि व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरमध्ये सुटी फाइल न उघडता 'ओपन फोल्डर'ने ते अख्खे फोल्डर उघडावे, कारण एडिटरमधील टर्मिनल मग त्याच फोल्डरमध्ये सुरू होते. त्यात 'वजन.पीवाय' ही फाइल करावी. येथे नावे आणि आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या, तरी टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच लिहाव्यात. फाइलला 'रँडम.पीवाय' असे नाव मात्र देऊ नये. पायथनचे स्वतःचे त्या नावाचे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, आहे आणि ते मागवल्यास तुमचीच फाइल पुढे येते.

'टर्मिनल' मेनूतून 'न्यू टर्मिनल' निवडून 'पायथन वजन.पीवाय' असे लिहावे आणि एंटर दाबावे. फाइल सापडली नाही, तर येणारा संदेश न वाचता पुसू नये. पायथनने ती कोणत्या ठिकाणी शोधली, तो पूर्ण पत्ता त्यातच असतो. 'सीडी' लिहून पुढे फोल्डरचे नाव दिले की टर्मिनल तेथे जाते, आणि 'डीआयआर' लिहिले की तेथे काय आहे ते दिसते. ओळीच्या सुरुवातीला तीन कोनी चिन्हे दिसत असतील, तर तुम्ही पायथनच्या आत आहात. 'एक्झिट' लिहून पुढे रिकामा कंस देऊन आधी बाहेर यावे. वरच्या कोपऱ्यातील त्रिकोणी बटणानेही प्रोग्राम चालतो, परंतु पहिला महिनाभर ते वापरू नये असे माझे मत आहे, कारण बटण नेमके काय करते हे कळत नाही.

आता दोन बंड्यांतील, म्हणजे बैलगाड्यांतील, कापसाचे वजन 'इनपुट'ने विचारून त्यांची बेरीज छापावी. 12 आणि 8 क्विंटल दिल्यावर पडद्यावर 128 येते, आणि एवढा कापूस पाहून मुले खूष होतात. 'इनपुट' जे देते तो आकडा नसून मजकूर असतो, म्हणून पायथन दोन्ही एकमेकांपुढे चिकटवते. प्रत्येक 'इनपुट'भोवती मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'चा कंस घालावा आणि वरचा बाण दाबून मघाचीच आज्ञा परत आणून चालवावी. तरीही 128च आले, तर फाइलच्या नावाशेजारी फुलीऐवजी गोल ठिपका दिसतो का ते पाहावे. तो असेल, तर बदल अजून जतन झालेला नाही आणि टर्मिनल डिस्कवरची जुनीच फाइल चालवत आहे. कंट्रोल आणि एस दाबून पुन्हा चालवल्यावर 20 येते.