जनसुनावणीला जाताय? निदान या चुका तरी टाळा

गेली बारा-तेरा वर्षं मी चंद्रपूर-यवतमाळ भागातल्या जनसुनावण्यांना, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभांना, जातोय. कोळसा खाण असो, कोळसा धुण्याची वॉशरी असो, सिमेंट असो की औष्णिक वीज केंद्राचा विस्तार. मंडप तोच, खुर्च्या त्याच आणि लोकांच्या चुकाही त्याच. दर वेळी कोणीतरी अगदी पोटतिडकीने बोलतं, टाळ्या पडतात, आणि काही महिन्यांनी पर्यावरण मंजुरीचं पत्र येतं तेव्हा त्या बोलण्याचा त्यात मागमूस नसतो. मग लोक म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं हो. कधी कधी असेलही, पण मी जवळून बघितलंय की बऱ्याच वेळा आपणच आपलं म्हणणं कागदावर येऊ देत नाही, आणि ते बघून जीव तुटतो म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा माणूस असतो, पण प्रकल्प मंजूर करायचा की नाही हे त्या मंडपात कोणीच ठरवत नाही. ते ठरतं नंतर, दिल्लीतल्या किंवा राज्यातल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर. त्या समितीतलं कोणी तुमच्या गावात आलेलं नसतं, त्यांच्यापुढे असतो तो ईआयए अहवाल, सुनावणीचं इतिवृत्त, व्हिडिओ आणि लेखी हरकती. "आम्ही पाचशे जण विरोधात होतो" याला तिथे काही वजन नाही, पाचशे जण कशासाठी विरोधात होते हे इतिवृत्तात आलं तर आहे.

सभात्याग करून घरी जाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते, कारण ती मी स्वतः केलीय. सात-आठ वर्षं झाली असतील, वर्धा नदीच्या अलीकडचं एक गाव, खुल्या कोळसा खाणीचा विस्तार होणार होता. आमचा मुख्य मुद्दा होता नाला. खाणीसाठी गावाचा नाला वळवायचा होता आणि वळवलेला नाला ज्या बाजूने काढणार होते ती बाजू नकाशावर सपाट दिसत होती, प्रत्यक्षात तिथे खोलगट भाग आहे हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत. महिनाभर आम्ही घरोघरी फिरून हे सगळं समजावलं होतं, दोन शेतकरी बोलायला तयारही केले होते.

सुनावणीच्या दिवशी अकरा वाजता सुरुवात झाली, कंपनीचं सादरीकरण पाऊण तास चाललं, आणि ते संपायच्या आत तालुक्याहून आलेले एक पुढारी उठले आणि म्हणाले ही सुनावणी आम्हाला मान्य नाही, चला रे बाहेर. घोषणा सुरू झाल्या, अडीच-तीनशे माणसं उठली, आम्हीही उठलो, त्या जोशात आपण बसून राहिलो तर गद्दार ठरू असं वाटलं. बाहेर तासभर भाषणं झाली, पेपरवाल्यांनी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी बातमी आली "जनसुनावणी उधळली".

सुनावणी उधळली नव्हती. आत चाळीसेक माणसं बसून होती, त्यातली बहुतेक ठेकेदारांची, आणि अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की सुनावणीला कोरम (किमान हजेरी) लागत नाही, त्यामुळे चाळीस काय, चारजण असते तरी ती वैध. त्यांनी रोजगार मागितला, रस्ता मागितला, गाड्यांची कामं मागितली, सव्वा वाजता आटोपलं. इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात अकरा वक्त्यांची नावं होती आणि अकराही जणांनी "प्रकल्पाचे स्वागत करून स्थानिकांना प्राधान्य देण्याची मागणी केली" असं होतं. आमच्याबद्दल एकच ओळ, "काही ग्रामस्थ घोषणा देत सभास्थळावरून निघून गेले". का गेले, त्याचा एक शब्द नाही. नाल्याचं नावही नाही. मंजुरी आली त्यातही नाल्याच्या बाजूबद्दल काही नव्हतं, आणि नाला वळवल्यानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात त्या खोलगट भागातल्या कपाशीत आठ दिवस गुडघाभर पाणी होतं. तिथे उभा राहून मी त्या शेतकऱ्याशी काय बोलणार होतो सांगा, बोलायला तयार केलेल्या दोघांपैकीच तो एक होता.

तेव्हापासून माझा नेम ठरलेलाय. निषेध करायचाय ना, जरूर करा, सकाळी नऊ ते अकरा मंडपाच्या बाहेर करा, काळ्या फिती लावा, पण अकरा वाजता आत येऊन बसा. सुनावणीच बेकायदा वाटत असेल, म्हणजे तीस दिवसांची नोटीस मिळाली नसेल, मराठी सारांश पंचायतीत आलाच नसेल, तर हे सगळ्यात आधी उठून सांगा, लेखी द्या, आणि मग तरीही बसून राहून मुद्दे मांडा. दोन्ही करता येतं. आणि शेवटपर्यंत बसा, कारण सुनावणीच्या शेवटी मंडळाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला सारांश तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची सही होते. हाच तो क्षण आहे आणि नेमक्या याच वेळी मंडप रिकामा असतो, सगळे जेवायला नाहीतर गाडी पकडायला गेलेले. मी टायपिस्टच्या टेबलाजवळची खुर्ची धरतो, वहीत प्रत्येक वक्त्याला नंबर देऊन मुद्दा लिहितो, आणि वाचन सुरू झालं की एकेक ताडून बघतो. "साहेब, सतरा नंबरच्या ताईंनी विहिरीचं सांगितलं ते राहिलं" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा जोडून घेतात, भांडावं लागत नाही. न वाचताच सुनावणी संपवायला लागले तर मात्र उभं राहून वाचायला लावायचं, कॅमेरा चालू असतो. गावामागे दोन माणसं डबा घेऊन यायला सांगा, बास.

नुसतं बोलून मोकळं होणं

माइक हातात आला की माणूस पर्यावरण, पृथ्वी, पुढच्या पिढ्या यावर बोलतो. सगळं खरंय, पण इतिवृत्तात त्याचं होतं "प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली" आणि कंपनीचं उत्तर येतं "नियमानुसार उपाययोजना करण्यात येईल". विषय संपला. प्रत्येक मुद्द्यापुढे कंपनीचं उत्तर नोंदवावं लागतं हा नियम आपल्या फायद्याचा आहे, पण प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच येणार.

याच्या उलटं एकदाच इतकं स्वच्छ बघितलंय. एका वॉशरीच्या सुनावणीला एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, हातात विहिरीचा दोर गुंडाळून आणलेला. माइकसमोर गेल्या आणि दोर सोडून गाठी दाखवायला लागल्या. "साहेब, आधी अक्षय तृतीयेले चवदा हात दोर पुरत होता जी, मग बाजूची खाण आली, आता बावीस हात लागते. हे गाठ त्या सालची, हे त्याच्या पुढच्या सालची." सगळ्या गाठी दाखवून होईपर्यंत मंडपात कोणी बोललं नाही. आम्ही लगेच बाजूला बसून त्याचा कागद केला, विहीर कोणत्या गटात, कोणत्या साली किती हात, खाली आजींचा अंगठा, आणि दोन प्रतीत मंडळाच्या टेबलावर देऊन एका प्रतीवर पोच घेतली. इतिवृत्तात तो मुद्दा आकड्यांसकट आला, कंपनीला त्याला उत्तर द्यावं लागलं, आणि मंजुरीपत्रात त्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजायची अट आली. विहिरीला पाणी परत आलं असं नाही, पण आज तिथे मोजमाप आहे आणि पाणीपातळी आणखी खाली गेली तर ते गावाला दाखवता येतं.

म्हणून माझा आग्रह एकच, बोला तीन मिनिटं पण आधी लिहा एक पान, त्यावर गट नंबर, विहीर, रस्ता, शाळेपासूनचं अंतर, काय असेल ते. आणि पोच घ्या! शिक्का, तारीख, सही. पोच नसलेला अर्ज दिला की नाही हे उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे काही नसतं. इकडे सुरुवातीला येणारी पोरं खूप घाई करतात, फोटो काढून ग्रुपवर टाकला की काम झालं असं त्यांना वाटतं. बाळांनो, ग्रुपवरचा फोटो दिल्लीच्या समितीपुढे जात नाही.

आणि या हरकतींचं कोणी काही करत नाही असं वाटत असेल तर गोव्यातल्या कावरे गावच्या खाणीचं प्रकरण लक्षात ठेवा. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर सांगितलं की सुनावणीत आलेल्या हरकतींचा विचार तज्ज्ञ समितीने केला असं कारणांसह दिसलं पाहिजे. पण त्यासाठी हरकत नोंदलेली हवी.

अहवाल न वाचता येणं

पाचशे पानं इंग्रजीत असतात, सगळी कोणी वाचा म्हणत नाही. मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवावा लागतो, तो वाचा, आणि मूळ अहवालात फक्त आपल्या गावाचं नाव शोधा. आपल्या ओढ्याला "हंगामी नाला" म्हटलंय का, झाडांची राई "पडीक जमीन" दाखवलीय का, एवढं बघायला एक संध्याकाळ पुरते. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली होती ती अर्जात आसपासच्या जंगलाची वगैरे माहिती नीट दिली नव्हती म्हणूनच. पुढच्या वर्षी जास्तीच्या अटींसह काम सुरू झालं हेही खरं, पण त्या अटी आल्याच ना.

चुकीच्या दारात जाणं

वीज दरवाढीच्या सुनावणीत एक काका स्वतःचं चुकलेलं बिल घेऊन उभे राहिले, पाच मिनिटं बोलले, आणि आयोगाने नम्रपणे सांगितलं की हे इथे नाही. वीज नियामक आयोगापुढे सगळ्यांच्या दराचा विषय असतो, तिथे बोलायचं ते स्थिर आकारावर, गळतीवर, मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अंदाजाने किती धरलाय यावर. एकट्याच्या बिलाची तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे न्यायची, तिथे नाही झालं तर विद्युत लोकपालाकडे.

तसंच सौर प्रकल्पाचं. गावच्या गायरानावर सोलर येतंय म्हणून लोक जनसुनावणीची वाट बघत बसतात. सौर आणि पवन प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, सुनावणी होणारच नाही. तिथे दार म्हणजे ग्रामसभा, आणि ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी ते. पण कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला तो लागत नाही. गुरं चारणाऱ्यांना पत्ता नसताना ठराव होतो तो असाच, त्यामुळे पहिल्या सभेला गेला असाल तर तहकूब सभेलाही जा, आणि ठराव रजिस्टरमध्ये लिहिल्यावर वाचल्याशिवाय उठू नका.

बाकी थोडक्यात: एकच छापील हरकत दोनशे सह्यांनी देऊ नका, दोनशे लोकांचा मुद्दा एक म्हणून मोजला जातो. सरपंचावर सोडून घरी राहू नका, त्याच्यावर किती दबाव असतो ते त्याच्या जागी बसल्याशिवाय कळत नाही. बायकांना मागच्या रांगेत बसवू नका, पाणी त्याच भरतात. नोकरीची मागणी करा, पण फक्त तेवढीच केली तर तोच पाठिंबा म्हणून लिहिला जातो.

मंजुरी आली की फाइल बंद करणं

मंजुरी आली म्हणजे हरलो असं समजून लोक गप्प बसतात. आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत जावं लागतं, उशिराचं योग्य कारण असेल तर आणखी साठ, त्यापुढे दार बंद, आणि आमच्याकडे वकील शोधण्यातच दोन महिने जातात. म्हणून वकिलाशी सुनावणीच्या आधीच बोलून ठेवा.

आव्हान नसेल द्यायचं तरी अटी वाचा. कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाला २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली ती ३५ अटींसह, आणि अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रत्येक कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे, कोणीही अर्ज करून मागू शकतो. त्या दोरवाल्या आजी आता नाहीत, त्यांच्या नातीकडे दोर आहे. जूनचा अहवाल आला की ती आणि मी पंचायतीच्या ओट्यावर बसतो, ती विहिरीचा आकडा वाचते आणि मी तिने मेमध्ये घातलेल्या गाठीशी तो लावून बघतो, आणि फरक दिसला की त्याच दिवशी मंडळाला पत्र जातं, दोन प्रतीत.