घरी मटणाची जर्की करताय? या चुका टाळा

जर्की म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. त्या बिघडतात त्या बहुतेक वेळा वाळवायला घालण्याआधीच, मटणाच्या दुकानात. मांसातलं पाणी आटतं, चरबी आटत नाही. ती तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत खवट होते. म्हणून सीना, चाप, मान हे रश्श्याला ठेवा आणि बोकडाच्या मागच्या मांडीचं बिनहाडाचं मटण मागा. आपल्या बेळगाव भागात बकऱ्याचं, म्हणजे मेंढ्याचं मटण आवडीनं खातात, पण त्यात चरबी जास्त. तेच घ्यायचं असेल तर पांढरा थर आणि पापुद्रे सुरीनं पूर्ण काढा. खांद्याच्या मांसात शिरा फार, त्यामुळे वेळ मोडतो. चिकनचा छातीचा भाग उत्तम.

पट्ट्या जाड-बारीक झाल्या तर काहींचा कोळसा होतो आणि काही ओल्याच राहतात. मटण तासभर फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट घट्ट करा, मग पाच मिलिमीटरच्या सारख्या पट्ट्या निघतात. धाग्याच्या दिशेनं कापल्या तर चिवट, आडव्या कापल्या तर चावायला सोप्या. घरात म्हातारी माणसं असतील तर आडव्याच कापा.

मसाल्यात आपली नेहमीची चूक म्हणजे घरची कांदा-लसूण चटणी. चव छान येते, पण त्यातलं तेल आणि खोबरं पुढे खवटतं. त्याऐवजी मीठ, मिरी, वाटलेलं आलं-लसूण आणि संकेश्वरी मिरचीची कोरडी पूड लावा. मुरवत ठेवायचं ते फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कच्च्या पट्ट्या थेट वाळत घालू नका, हे मी कळकळीनं सांगते. वाळवणाच्या मंद उष्णतेत मांसातले जंतू मरत नाहीत, आणि मांस कोरडं होत जाईल तसे ते उष्णतेला अधिकच दाद देईनासे होतात. म्हणून उष्णता आधी द्यायची. मुरवलेल्या पट्ट्या मसाल्याच्या पाण्यासकट उकळी येईपर्यंत तापवा आणि पाच मिनिटं उकळू द्या. थर्मामीटर असेल तर मटण आतून ७१ अंश, चिकन ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. रंग थोडा फिका पडतो आणि पोत बदलतो, पण लेकरांच्या हातात द्यायचं खाणं आहे, तेवढं चालवून घ्या.

मग पट्ट्या निथळून, एकमेकींना न चिकटवता ओव्हनमध्ये किंवा अन्न वाळवायच्या ड्रायरमध्ये सुमारे ६० अंशांवर वाळवा. लवकर व्हावं म्हणून आच वाढवली की वरून कवच धरतं आणि आतला ओलावा अडकतो. बाहेरून कडक, आतून मऊ अशी पट्टी लागली तर कारण हेच. फार उशीर झाला नसेल तर आच कमी करून पुन्हा वाळवा. तपासताना पट्टी आधी गार होऊ द्या. वाकवल्यावर तडा जावा, पण तुकडा पडू नये. मध्येच वीज गेली आणि लवकर येण्याची चिन्हं नसली, तर अर्धवट पट्ट्या तशाच ठेवू नका, फ्रीजमध्ये घाला.

उन्हाचं काय, असं गच्चीवर सांडगे-पापड घालणारे आपण विचारणारच. अथणी-रायबागकडचं ऊन कडक असतं, खानापूरकडे हवेत दमटपणा जास्त, आणि बेळगावात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी कोसळेल ते सांगता येत नाही. पापडाला हे चालून जातं. मांसाला तासन्‌तास सारखी उष्णता लागते, शिवाय माश्या आहेतच. मटण उन्हात घालू नका.

डब्यात भरल्यावर दुसऱ्या दिवशी झाकणाला आतून दव दिसलं तर माल कच्चा आहे, पुन्हा वाळवा. केसाळ पांढरी बुरशी दिसली तर तेवढाच भाग खरवडू नका, सगळा डबा टाका. नीट वाळलेली जर्की हवाबंद डब्यात बाहेर दोन आठवडे टिकते. पावसाळ्यात मात्र ती फ्रीजमध्येच ठेवा.