जुना रोडरोलर ट्रेलरवर चढवताना
संग्रहालयासाठी जुना रोडरोलर हलवताना खरी अडचण ट्रेलरच्या उतरत्या फळीवर येते, कारण लोखंडावर लोखंड घसरते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर ते कितीही स्वयंसेवकांना आवरत नाही.

१. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जाड रबरी कन्व्हेयर बेल्टचे पट्टे आणून ते उतरत्या फळीवर व ट्रेलरच्या तळावर अंथरावेत आणि सरकू नयेत म्हणून बोल्टने घट्ट बसवावेत.

२. रोलर विंचने (दोर गुंडाळून जड वस्तू ओढणाऱ्या साधनाने) सावकाश ओढावा आणि हातभर पुढे सरकला की चाकामागे लाकडी ठोकळा सरकवावा. तो लांब दांड्यानेच, हाताने मुळीच नव्हे.

दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत आणि रोलरच्या मागे कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेला दोर चाबकासारखा परततो.