ज्येष्ठांसोबत संशोधन करताय? या चुका टाळा

पहिल्या बैठकीला आम्ही छापील प्रश्नावली घेऊनच गेलो होतो. चौदा पानं. विषय होता तोल जाऊन पडणं आणि ते टाळणारे व्यायाम. निधी मंजूर, वेळापत्रक पक्कं. मागच्या रांगेतल्या एका आजींनी पानं चाळली आणि विचारलं, "सगळं तुम्हीच ठरवलंय, मग आम्ही काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती चांगल्या हेतूनंच होते: प्रश्न आधी ठरतो, माणसं नंतर बोलावली जातात. त्या दिवशी पानं बाजूला ठेवल्यावर कळलं, की कित्येक जण घराबाहेर पडायचंच टाळत होते, कारण वाटेत स्वच्छतागृह नव्हतं. एक काका रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी बाहेर जायच्या दिवशी घेतच नसत. आमच्या चौदा पानांत याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार निरोगी वार्धक्य म्हणजे नुसतं आजार नसणं नव्हे. स्वतःला मोलाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकणं, हा त्याचा गाभा. आता मोलाचं काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक! याच संघटनेची २००७ ची ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिकाही ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी आधी बोलून तयार झाली. म्हणून निधीचा अर्ज लिहिण्याआधी दोन-तीन बैठका फक्त ऐकण्यासाठी ठेवा. अर्ज गेलाच असेल, तर निदान छपाई थांबवा आणि मसुद्यावर ज्येष्ठांना खुशाल काट मारू द्या.

समितीत दोन ज्येष्ठांची नावं घातली की भागीदारी झाली, असंही समजू नका. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसता सल्ला विचारणं ही खालून चौथीच पायरी आहे. पैसे कशावर खर्च व्हायचे, माहिती कुणाच्या ताब्यात राहायची, हे ठरवताना त्यांचं मत मोजलं जातं का, ते बघा.

बैठकीत कुणी बोलत नसेल, तर आधी खोली तपासा. वयानुसार ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ निसटतात; आवाज येतो, शब्द लागत नाही. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, एका वेळी एकानंच बोलावं, पंखा घरघरत असेल तर बंद करावा. संमतीपत्र मोठ्या अक्षरांत छापा आणि वाचूनही दाखवा. येण्या-जाण्याचा खर्च त्याच दिवशी हातात द्या.

निष्कर्ष फारच छान येत असतील, तर शंका घ्या. बैठकीला येतात ते चालते-फिरते. अंथरुणाला खिळलेले, पती किंवा पत्नीच्या शुश्रूषेत अडकलेले येतच नाहीत. येणाऱ्यांनाच विचारा, "कोण दिसेनासं झालंय?" आणि त्यांच्यासोबत त्या घरी जा. तिथे मुलगा किंवा सून उत्तर देऊ लागली, तर त्यांचं वेगळं ऐका. पण आजींचं उत्तर आजींकडूनच घ्या, वेळ लागला तरी.

प्रकल्प लांबला तर मधेच कुणी आजारी पडेल, कुणी जाईल. यादीतून नाव गुपचूप काढू नका. गैरहजर माणसाला फोन करा, गेलेल्यांची आठवण बैठकीत काढा. उरलेले हे सगळं बघत असतात.

आणि माहिती गोळा करून गायब होऊ नका. अहवाल प्रसिद्ध होण्याआधी त्याचं एक पान सोप्या भाषेत करून त्याच खोलीत वाचा. आम्ही वाचलं, "ज्येष्ठांमध्ये व्यायामाबद्दल अनास्था आढळली." गोळी टाळणाऱ्या त्या काकांनी हात वर केला. "अनास्था नाही हो, भीती. ते बदला." आम्ही बदललं.