अनवाणी धावायला सुरुवात करताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की दर वर्षी आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये दोन-तीन नवी मंडळी बूट हातात घेऊन येतात. कुणी मिलिंद सोमणचा अनवाणी धावतानाचा व्हिडिओ पाहिलेला असतो. कुणाचा गुडघा दुखत असतो आणि बूट काढले की बरा होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यांचा उत्साह खरा असतो आणि मला त्याचं कौतुकही वाटतं. पण डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातलं कुणी ना कुणी लंगडत असतं, आणि कारण विचारलं की उत्तर ओळखीचं निघतं. मी पुण्यात गेली दहा वर्षं अनवाणी धावते आहे. सुरुवातीच्या चुकांनी माझं जवळजवळ एक वर्ष खाल्लं. ते तुमचं जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

कातडी तयार झाली म्हणजे पाय तयार झाला, असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते.

तळव्याची कातडी फार लवकर सरावते. पहिल्या आठवड्यात डांबरी रस्त्यावरची बारीक खडीसुद्धा नको होते. महिना-दीड महिन्यात त्याच खडीवरून आपण सहज जातो. पोटऱ्याही सुरुवातीला दगडासारख्या होतात आणि मग हळूहळू जुळवून घेतात. टाचेच्या मागची अकिलीसची शीर (टेंडन) त्याहून सावकाश तयार होते, आणि सगळ्यांत मागे राहतं ते हाड. हाडावर नवा भार येऊ लागला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं थोडं काढून टाकतं, मग त्या जागी नवं, भक्कम हाड भरतं. मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा नाजूक असतं. नेमक्या याच दिवसांत कातडी घट्ट झालेली असते, पोटऱ्या शांत झालेल्या असतात, आणि माणसाला वाटतं, जमलं!

मला तसंच वाटलं होतं. तोवर मी बूट घालून चार अर्धमॅरेथॉन केल्या होत्या. दम भरपूर होता. मार्चमध्ये बूट काढले, पहिल्या दिवशी दीड किलोमीटर धावले आणि तेवढंच अंतर फार कमी वाटलं. पाचव्या आठवड्यात सहा किलोमीटर झाले. सातव्या आठवड्यात डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मागे, एक मंद ठणका सुरू झाला. सकाळी उठल्यावर नसायचा, धावताना दुसऱ्या किलोमीटरला यायचा, संध्याकाळी चप्पल घालताना पुन्हा जाणवायचा. स्नायू दुखतोय असं म्हणून मी बर्फाने शेकत राहिले आणि धावत राहिले. त्या रविवारी नऊ किलोमीटर ठरवले होते. आठव्यात पाय टेकवेना. रिक्षा करून घरी आले.

एक्स-रे काढला तर त्यात काहीच नाही. मुरगळला असेल, आठवडाभर आराम करा, असं सांगण्यात आलं. मी आठ दिवस थांबले आणि पुन्हा तीन किलोमीटर धावले. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. तेव्हा दुसऱ्या मेटाटार्सलभोवती, म्हणजे चवड्याच्या त्या लांब हाडाभोवती, पांढरा ढग दिसला. हाड चिरलं होतं आणि भरून यायला लागलं होतं. असली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. हे मला तेव्हा माहीत असतं तर ते तीन किलोमीटर मी धावले नसते. पुढे सहा आठवडे कडक तळाची चप्पल आणि धावणं पूर्ण बंद.

हे दुखणं नवं नाही. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्रायटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन करून ठेवलं होतं. ती सूज म्हणजे हाडाची चीर आहे, हे पुढे एक्स-रे आल्यावर कळलं. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात, मार्च म्हणजे सैनिकांची कूच. नव्या रंगरूटांना ते होतं, कारण त्यांच्या पायांवर भार अचानक वाढतो. अनवाणी धावायला लागलेला अनुभवी धावपटू हासुद्धा रंगरूटच असतो. फरक एवढाच की त्याचा दम जुना असतो, त्यामुळे थकून थांबणं त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच अगदी नवख्या माणसापेक्षा मला अर्धमॅरेथॉनवाल्यांची जास्त काळजी वाटते.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. धावण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून दोन्ही अंगठ्यांनी चवड्याची पाचही लांब हाडं वरून एकेक करून दाबून बघते. स्नायू दुखत असेल तर दुखणं पसरट असतं आणि बहुधा दोन्ही पायांत असतं. एकाच हाडावर, एकाच बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ आली तर त्या दिवशी धावणं नाही. पुढच्या तीन दिवसांत ती गेली नाही तर डॉक्टरकडे जायचं आणि एक्स-रे चांगला आला तरी दुखतंय हे ठामपणे सांगायचं.

पातळ तळाचे बूट घालून ‘जवळजवळ अनवाणी’ धावणं

यावर माझं मत जरा कडक आहे. अनवाणी धावताना तळव्याची कातडी हाच लगाम असतो. अंतर जास्त झालं, पाय घासला, पाऊल जोरात आपटलं की कातडी लगेच ओरडते आणि तुम्ही थांबता. पाच बोटांचे (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले) किंवा कागदासारख्या तळाचे बूट घातले की ती ओरड बंद होते, पण हाडावरचा भार जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे लगाम काढून घोडा सोडला. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ३६ अनुभवी धावपटूंवर दहा आठवड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १९ जणांना हळूहळू पाच बोटांच्या बुटांवर आणलं होतं. शेवटी एमआरआय काढला तर त्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत आतली सूज वाढलेली होती. आणि हे बेतानं अंतर वाढवायला सांगितलेले लोक होते!

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा आला होता, आयटीतला, फार मेहनती. “ताई, या बुटांत काहीच टोचत नाही, पंधरा दिवसांत पाच किलोमीटरवर आलो,” असं आनंदाने सांगायचा. मी म्हटलं, “अरे, टोचत नाही हीच तर अडचण आहे.” त्याला ते पटलं नाही. दिवाळीनंतर त्याच्या अकिलीसला सूज आली ती मार्चपर्यंत उतरली नाही. तो परत आला, पण अजूनही घाईतच असतो आणि मला त्याच्याशी दर रविवारी वाद घालावा लागतो. पातळ बूट घालाच, पण आधी पूर्ण अनवाणी पाच-सहा महिने झाल्यावर. काचा आणि काटे असलेल्या वाटेसाठी.

टाच जमिनीला लागूच न देणं

चवड्यावर धावायचं असं कुठेतरी वाचून लोक अक्षरशः बोटांवर धावतात, मांजरीसारखे. दोन दिवसांत पोटऱ्या आखडतात आणि जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. चवड्याची बाहेरची बाजू किंवा संपूर्ण पाऊल आधी टेकतं, हे खरं. पण त्यानंतर टाच जमिनीवर अलगद विसावली पाहिजे. ती हवेत धरून ठेवली की सगळा भार पोटरीवर आणि अकिलीसवर राहतो. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाचा २०१० मधला अभ्यास सगळे पुढे करतात. बूट घालून टाचेवर आपटणाऱ्यांपेक्षा अनवाणी, चवड्यावर उतरणाऱ्यांचा पहिला आदळा कमी असतो, असं त्यात दिसलं होतं. पण टाच टेकवूच नका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मी पाय कुठे पडतोय याचा विचार करतच नाही. पावलं छोटी आणि भरभर टाकते, मिनिटाला १७५ ते १८० च्या आसपास, आणि गुडघे सैल ठेवते. पाऊल अंगाच्या फार पुढे पडलं नाही की बाकीचं बहुतेक आपोआप जमतं. तळव्याला फोड आला तर सरळ अर्थ आहे: तुम्ही पाय मागे ढकलताय, उचलत नाही. फोडावर पट्टी लावून धावू नका, धावण्याची ढब बदला.

गवत आणि वाळू

पहिले दिवस गवतावर, नाहीतर जुहूच्या मऊ वाळूत, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. मऊ जमिनीवर चुकीचं पाऊलही खपून जातं. शिवाय गवतात गोखरू, काच आणि कुत्र्यांनी केलेली घाण दिसत नाही. कोरड्या वाळूत टाच खोल रुतते आणि अकिलीस ताणली जाते. गुळगुळीत, स्वच्छ, टणक रस्ता घ्या. पहाटेचा डांबरी रस्ता किंवा शाळेच्या मैदानातली फरशी चालेल. तिथे आपटून धावताच येत नाही, तळवाच धावू देत नाही.

ट्रेडमिलवर तर नकोच. पट्टा तापतो आणि कातडी सोलली जाते.

इतरांचे पाय बघून आपलं अंतर ठरवणं

अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. बारामतीच्या स्पर्धेत लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०१७ मध्ये मिलिंद सोमणने फ्लोरिडातली अल्ट्रामॅन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी तीन दिवसांची शर्यत अनवाणी पूर्ण केली, त्यात शेवटच्या दिवशी ८४ किलोमीटर धावायचं असतं. ही उदाहरणं मला मनापासून प्रिय आहेत. पण बिकिला इथिओपियात अनवाणी सराव करत आला होता, लता करे यांचे पाय आयुष्यभराच्या कष्टांवर घडले होते आणि सोमणने अनेक वर्षं त्यासाठी घातली. आपण घरातल्या फरशीवरही स्लीपर घालून वावरणारी माणसं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावायचं म्हणून ऑक्टोबरमध्ये बूट काढणारे दर वर्षी भेटतात. त्यांना मी एकच विनंती करते: यंदा बूट घालून धावा, पुढच्या वर्षीचं बघू.

अंतर वाढवण्याची घाई

आठवड्याला दहा टक्के वाढवा, हा नियम इथे फारसा कामाचा नाही, कारण सुरुवातच शून्यापासून असते. मी नवख्यांना काय करायला लावते ते सांगते. पहिले पंधरा दिवस फक्त अनवाणी चालायचं: घरात दिवसभर आणि बाहेर रोज वीस मिनिटं. मग एक दिवसाआड ४०० मीटर, दोन आठवडे. त्यानंतर दर आठवड्याला २०० ते ३०० मीटर वाढवायचे आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणायचं, पाय कितीही छान वाटत असले तरी. त्या हलक्या आठवड्यात हाडाला भरून यायला वाव मिळतो. या हिशेबाने पाच किलोमीटर व्हायला सहा-सात महिने लागतात. लोक हे ऐकून निराश होतात. ज्यांनी ऐकलं ते आज धावताहेत.

बुटातलं धावणं पूर्ण बंद करायची गरज नाही, पण ते कमी करा. आणि आधी अनवाणी धावा, पाय ताजे असताना. मग बूट चढवा. उलटं करणारे बरेच भेटतात. दहा किलोमीटर संपल्यावर, पाय थकून पावलं जड पडायला लागली की बूट काढतात. थकल्या पायांची ढब बिघडलेली असते आणि तीच मग पक्की होते.

थोडं ऋतूंबद्दल. एप्रिल-मेमध्ये नऊनंतरचा डांबरी रस्ता तळवे भाजतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाय बधिर होतात आणि लगाम सुटतो, म्हणून मी पहिली दहा मिनिटं चालते. पावसात भिजलेली कातडी मऊ होऊन चटकन कापली जाते. साचलेल्या पाण्यात मी पाय घालतच नाही, कारण त्यात काच दिसत नाही आणि जखमेतून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी धावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

टाचांना भेगा पडत असतील तर रात्री भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) गरम करून भरते, कोकणातल्या आजीकडून आलेली सवय. वजरीने घासून कातडी पातळ मात्र करत नाही.

आणि महिनाभर खंड पडला, आजारपण असो की लग्नसराई, तर सुटलेल्या अंतरावरून पुन्हा सुरू करू नका. कातडीला जुना सराव आठवत असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. मी निम्म्या अंतरावर जाते, दोन आठवडे तिथेच राहते आणि सकाळी पलंगावर बसून हाडं दाबून बघायला पुन्हा पहिल्या दिवसासारखी सुरुवात करते.